साळवे मॅडमची मोसंबी

परवा पुण्यात भाच्याच्या लग्नाचा स्वागतसमारंभ होता. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या होत्या. मी एका कडेला बसले होते, तेवढ्यात पांढरे हातमोजे घातलेला एक मुलगा ट्रे घेऊन पुढ्यात आला. ट्रेमध्ये उंच ग्लास. तळाला डाळिंबी लाल, वर येता येता केशरी आणि अगदी वर फिकट पिवळं. ते काय आहे हे मला पाहताक्षणीच कळलं होतं, तरी मी विचारलं.

"निझाम्स सनसेट, मॅडम. व्होडका आणि मोसंबी. खूप जुनं ड्रिंक आहे, निझामाच्या जनान्यातलं. व्होडका नसलेलंही आहे, आणू?"

मी नको म्हटलं. तो पुढं गेला, आणि माझं लग्नात लक्ष राहिलं नाही.

निझामाच्या जनान्याशी त्या पेयाचा काडीचा संबंध नाही. ते मुकुंदवाडीत, दोन खोल्यांच्या घरात, गॅसच्या शेगडीशेजारी जन्माला आलं. ते घडवणाऱ्या बाईनं आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता. सुमन साळवे त्यांचं नाव. आम्ही सगळे साळवे मॅडम म्हणायचो.

तेव्हा आमचं शहर औरंगाबादच होतं. ते चारी दिशांनी सुटलं होतं. बीड बायपासच्या कडेला जिथं ज्वारी उभी असायची तिथं मंगल कार्यालयं, मोटारींच्या शोरूम आणि उंच उंच इमारती उभ्या राहत होत्या. आणि त्याच वर्षांत पाऊस पाठ फिरवून गेला होता. जायकवाडीत गाळ दिसायला लागला होता. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि नवीन इमारतींच्या फाटकाशी सकाळपासून टँकर उभे असायचे. अशा दिवसांत, त्या बायपासवरच एका फरशीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज चालायचं. मी तिथं इंग्रजी संभाषण शिकवायचे. साळवे मॅडम बार शिकवायच्या. वेळापत्रकात त्या तासाला मोठं सोज्वळ नाव होतं, पण शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे 'बारचा तास' असंच म्हणत.

उंच, काटक बांधा. खळ घातलेली सुती साडी, पदर खांद्यावर घट्ट पिन केलेला, वाकल्यावर ग्लासात पडू नये म्हणून. त्यांना प्रत्येक गोष्ट आधी हुंगायची सवय होती. स्टाफरूममध्ये चहा आला की कप नाकाजवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "दूध कालचं आहे." आम्ही प्यायचो, आम्हाला काही कळायचं नाही. जीभ न वापरता त्यांनी दारूची सगळी विद्या केवळ नाकानं मिळवली होती. बाटली उघडायच्या, डोळे मिटायच्या, आणि काय कशात मिसळलंय ते सांगायच्या.

कॉलेजात खरी बाटली परीक्षेलाच उघडायची. एरवी कपाटातल्या सगळ्या बाटल्यांत सोंगं भरलेली. व्हिस्की म्हणजे कोरा चहा, रम म्हणजे गुळाचं काळं पाणी, आणि व्होडका म्हणजे नळाचं पाणी. त्या वर्षी ते नळाचंही राहिलं नाही, टँकरचं झालं. पहिल्याच दिवशी मॅडम मुलांना सांगायच्या, "व्होडका सांडली तर मार्क कापीन. पाणी सांडलं तर वर्गाबाहेर." मुलं गोंधळून बाटलीकडं बघत राहायची. तासभर मुलांनी शेकरमध्ये खळखळवलेलं पाणी एका बादलीत जमा व्हायचं. त्यानं फरशी पुसली जायची आणि उरलेलं फाटकाजवळच्या लिंबाला.

"व्होडका म्हणजे काय?" त्या विचारायच्या. मग स्वतःच सांगायच्या. "रशियन भाषेत पाण्याचं लाडाचं नाव. आपण बाळाला जसं सोन्या, बाळ्या म्हणतो ना, तसं ते पाण्याला म्हणतात." सिल्लोड, गंगापूर, वैजापूरकडची मुलं असायची, घरी आया टँकरमागं घागरी घेऊन धावत होत्या. वर्गात कुणी हसायचं नाही.

मग स्क्रू ड्रायव्हर नावाच्या पेयाची गोष्ट. तेलाच्या विहिरींवर काम करणारे परदेशी कामगार संत्र्याच्या रसात चोरून व्होडका घालत. ढवळायला चमचा कुठला मिळणार, म्हणून खिशातला स्क्रू ड्रायव्हर. "खरं की खोटं कुणाला ठाऊक," मॅडम म्हणायच्या. "दारूचा इतिहास दारू पिणाऱ्यांनीच सांगितलेला असतो. निम्माच धरायचा." आणि नंतर आवाज जरा खाली आणून, "एक लक्षात ठेवा. व्होडकाला स्वतःचं काही नसतं. रंग नाही, वास नाही म्हणावा इतका. ज्याच्यात मिसळाल त्याच्यासारखी होऊन बसते. म्हणून तिच्यावर सगळ्यांत जास्त लक्ष ठेवायचं."

घरी त्यांची आई होती, भागाबाई. नवऱ्यामागं लेकीजवळ राहायला आलेली, बाबासाहेबांच्या फोटोला रोज सकाळी हात जोडणारी. तिला लेकीचा धंदा अजिबात पसंत नव्हता. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ती मलाच साक्षीला धरून म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा. बाबासाहेबांनी शपथ दिली, मी दारू पिणार नाय. आन् ही माझी लेक पोरान्ला दारू शिकवती."

"आये, पिणार नाही अशी शपथ आहे. शिकवणार नाही अशी नाही," मॅडम आतून म्हणाल्या.

"वकील व्हायची व्हतीस मंग."

खरंच व्हायचं होतं. पण शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला तो केटरिंगला. तिथं मुलींना खोल्या आवरायच्या शाखेत ढकलायचे. मॅडमनी हट्टानं बारचा विषय घेतला, कारण त्यात वर्गात एकही मुलगी नव्हती. पुढं चिकलठाण्याकडच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी केली. वेरूळ बघून दमून आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना ग्लास भरून दिले. मग आमचं कॉलेज.

आणि नवरा, प्रकाशराव. वाळूजच्या एका कारखान्यात फिटर. हातात जादू असलेला माणूस. पंखा, मिक्सर, शिवणयंत्र, काहीही बिघडलेलं त्याच्या पुढ्यात ठेवा, तो आधी त्याच्याशी बोलायचा आणि मग उघडायचा. दारू त्यांना कारखान्यात लागली, पाळी सुटल्यावर फाटकासमोरच्या गुत्त्यांच्या रांगेत. वाढत गेली, नोकरी गेली. मॅडमनी त्या काळात काय काय सोसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की एका पावसाळ्यात त्या मनगटावर पट्टी बांधून यायच्या आणि डाव्या हातानं ग्लास पुसायच्या.

मग प्रकाशराव स्वतःच्या पायांनी एका व्यसनमुक्ती केंद्रात गेले आणि कोरडे होऊन परत आले. घराबाहेरच्या ओट्यावर कूलर आणि मिक्सर दुरुस्त करायला लागले. मी ओळखायला लागले ते हे प्रकाशराव. सावकाश बोलणारे, चहात चार चमचे साखर घेणारे. "सुटलेल्या माणसाला गोड लई लागतं," ते म्हणायचे. घरात एकच नियम होता, खरी बाटली उंबऱ्याच्या आत येणार नाही. मॅडम परीक्षेच्या दिवशी खरी दारू हाताळून यायच्या, तेव्हा बाहेरच्या मोरीवर कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन मगच घरात शिरायच्या. पाणी नसलं तर चिंचेच्या कोळानं.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजची पटसंख्या कोसळली. खेड्यातली माणसं पोरांना पाठवीनात. आमचे पगार थकायला लागले. आणि त्याच सुमाराला आमच्या चेअरमनसाहेबांनी जालना रोडवर हॉटेल बांधायला काढलं, गच्चीवर बार असलेलं. एक दिवस त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. मला इंग्रजी मेनू लिहायला म्हणून बरोबर बसवलं होतं.

"मॅडम, आपल्या हॉटेलचं स्वतःचं एक ड्रिंक पाहिजे. फळाचं, व्होडकाचं. असं की पहिल्यांदा घेणाऱ्या बाईनंसुद्धा तोंड वाकडं करता कामा नये. कळलंच नाही पाहिजे आत काय आहे ते. हॉटेल चाललं तर तुमच्या मुलांना तिथंच नोकऱ्या, आणि कॉलेज चालू. नाही चाललं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. केलं नाही तरी आम्ही दोघींनी ते ऐकलं.

खाली उतरताना मॅडम म्हणाल्या, "मी करीन. पण त्याच्यासारखंच दिसणारं, तसंच लागणारं एक बिनव्होडकाचंही करीन. कुठल्याही समारंभात न पिणाऱ्याच्या हातात वेगळा ग्लास दिसला की चौघं जवळ येतात. का हो, सोडली का? एकच घ्या की! आमच्या यांच्या भावाच्या लग्नात मी बघितलंय. त्या माणसाला घाम फुटतो हो, कुलकर्णी मॅडम."

तेव्हा ते दोन ग्लास हुबेहूब सारखे असावेत ही चेअरमनची अट नव्हती. ती मॅडमची होती, आणि प्रकाशरावांसाठी होती. हे मला नीट सांगायचं आहे, कारण पुढं लोक काहीबाही बोलले.

फळ मोसंबी हे ठरलेलंच होतं. आमच्याकडं मोसंबी सोडून दुसरं काय आहे? एका रविवारी आम्ही दोघी एसटीनं पाचोडच्या बाजाराला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा वाळून उभ्या होत्या. काही ठिकाणी झाडं तोडून सरपणाचे ढीग लावले होते. बाजारात फळ आलं होतं ते लिंबापेक्षा थोडं मोठं, जाड सालीचं, हाताला हलकं. मॅडमनी एक उचलून हुंगलं आणि विकणाऱ्या म्हातारीला म्हणाल्या, "मावशी, रस आहे का ह्यात?"

"कुठला रस, बाई! यंदा झाडानंच पिऊन टाकला समदा. त्याला बी तहान हाये ना."

त्याच मोसंब्या घेऊन आम्ही परतलो, कारण दुसऱ्या नव्हत्याच.

पुढचे कित्येक आठवडे मुकुंदवाडीच्या त्या घरात मोसंबीखेरीज दुसरा विषय नव्हता. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असतं. दुष्काळातल्या फळाचा तर वाटीत पडेपर्यंतच कडू होत होता. मॅडमनी साखर वाढवून बघितली, आलं घातलं, पुदिना घातला. वरून गोड लागायचं आणि मागं घशात कडूपणा राहायचा. त्या स्वतः रस चाखायच्या, पण त्यांचा जिभेवर भरवसा नव्हता. चाखायचे ते प्रकाशराव. डोळे मिटून, घोट तोंडात फिरवून.

"बी चेंगरतंय," ते एक दिवस म्हणाले. "कडू बीमधून येतंय आन् पांढऱ्या सालीतून. तुमचं रसाचं यंत्र समदंच दाबून काढतंय. थांब, मी बगतो."

त्यांनी भंगारातून एक जुना हातदाब्या आणला, स्कूटरची स्प्रिंग काढून त्यात बसवली. दांडी खाली ओढली की फळ दाबलं जायचं, आणि बी चिरडायच्या आत स्प्रिंग हात अडवायची. रस कमी निघायचा, पण निघायचा तो सोन्यासारखा. त्यात मीठही त्यांनीच सुचवलं. "कडू मारायला साखर नाय लागत, सुमन. मीठ लागतं. चिमटीभर. शेंदेलोण असंल तर लईच चांगलं." मग आल्याच्या रसाचे दोन थेंब. आणि शेवटी आटवलेला डाळिंबाचा रस, तो चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडायचा. जड असल्यामुळं तो तळाशी जाऊन बसायचा आणि वर केशरी धूर चढल्यासारखा दिसायचा. बर्फ जपून वापरायचा, कारण बर्फाच्या कारखान्यांनाच पाणी नव्हतं. म्हणून ग्लास आधी गार करून ठेवायचे.

ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी मी तिथं होते. प्रकाशरावांनी घोट घेतला, थांबले, आणि भागाबाईंकडं ग्लास धरला. त्यांनी नाक मुरडत एक घोट घेतला, मग दुसरा, आणि मग ग्लास परत दिलाच नाही. प्रकाशराव मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं. "ह्याचं नाव पाचोड," ते म्हणाले. मॅडम ओट्याला टेकून उभ्या होत्या. दमलेल्या, हात डाळिंबानं लाल झालेले, आणि नवऱ्याकडं अशा बघत होत्या, जसं कुणी दुखण्यातून उठलेल्या माणसाला जेवताना बघतं.

व्होडका त्यात मिसळली ती कॉलेजात. मॅडमनी माझ्यासमोर दोन ग्लास ठेवले, म्हणाल्या, ओळखा. मी भीत भीत दोन्हीतला एकेक घोट घेतला. मला ओळखता आलं नाही. चेअरमनसाहेबांनाही आलं नाही. ते खूश झाले. 'पाचोड' हे नाव मात्र त्यांनी हाणून पाडलं. "पाचोड म्हटल्यावर गिऱ्हाईक बाजार समितीत जाईल, बारमध्ये नाही." मुंबईहून आणलेल्या एका जाहिरातवाल्यानं 'निझाम्स सनसेट' नाव दिलं आणि एक गोष्ट लिहिली. कुण्या एका बेगमेसाठी खानसाम्यानं मावळतीच्या रंगाचं पेय केलं म्हणे, आणि ती कृती भिंतीत सापडली म्हणे. मेनूत ती मीच इंग्रजीत नीट करून दिली.

उद्घाटन दिवेलागणीला होतं. गच्चीवर हिरवळ अंथरली होती. शहरात प्यायला पाणी नव्हतं आणि त्या हिरवळीवर फवारे उडत होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. भागाबाई आल्या नाहीत. "दारूच्या कार्यक्रमाला मी येत नसती," म्हणाल्या. प्रकाशराव नवा बदामी सदरा घालून आले होते, आणि ओळखीचं कुणी नसल्यामुळं माझ्याजवळ उभे होते.

मॅडमनी खूण ठरवली होती. व्होडका असलेल्या ग्लासवर पुदिन्याचं पान, नसलेल्यावर मोसंबीची चकती. आयत्या वेळी सजावटवाल्यानं फोटोसाठी सगळ्या ग्लासांवर दोन्ही लावलं. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा शंभर माणसं समोर होती. त्यांनी घाईनं टेबलं वेगळी केली, मुलांना बजावलं, उजवीकडचं व्होडकाचं, डावीकडचं बिनव्होडकाचं. मुलं त्यांचीच होती, हुशार होती. पण गर्दी झाली, ट्रे इकडून तिकडं फिरले.

एक मुलगा आमच्याजवळ आला. "सर, हा बिनव्होडकाचा," म्हणाला, अगदी अदबीनं. त्याला तसंच वाटत होतं. प्रकाशरावांनी ग्लास घेतला, मीही घेतला.

पहिल्या घोटाला ते थांबले. ग्लास उजेडाकडं धरून बघितला. मग गर्दीच्या पलीकडं बघितलं, तिथं मॅडम मान खाली घालून चमच्याच्या पाठीवरून डाळिंबाचा रस सोडत होत्या.

"कुलकर्णी मॅडम, तुमच्या बी ग्लासात हाये का ती?"

"काय?"

"काय नाय," ते म्हणाले. आणि ग्लास रिकामा केला.

मला काही समजलं नव्हतं. दोन्ही प्रकार मला सारखेच लागत होते. मी समजून घेईपर्यंत त्यांनी शेजारून जाणाऱ्या ट्रेवरून दुसरा उचलला होता, तो मात्र स्वतःच्या हातानं. तेवढ्यात मॅडमनी मान वर केली. त्यांनी तो ट्रे ओळखला. हातातला चमचा तसाच घेऊन त्या माणसांतून वाट काढत आल्या, साडीवर लाल थेंब पडत होते. त्यांनी प्रकाशरावांच्या हातातला ग्लास घेतला आणि नाकाशी नेला. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"चांगलं झालंय, सुमन," प्रकाशराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसतही होते. "लई चांगलं झालंय. कुणाला कळायचं नाय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना विचारलं, कळलं होतं तर ठेवून का दिला नाही? हे मॅडमनीच मला सांगितलं. ते म्हणाले होते, "ठेवणारच व्हतो गं. पण म्हटलं, आपल्याच घरचं लेकरू हाये. मोठं झाल्यावर कसं दिसतंय, बगावं तरी."

त्यानंतर ते थांबले नाहीत.

हॉटेल चाललं. 'सनसेट' तर असं चाललं की मोसंबी बाहेरून मागवायला लागली. आमचे थकलेले पगार निघाले, मुलं नोकरीला लागली, पुढच्या वर्षी प्रवेशाला रांग लागली. ज्या मुलानं तो ट्रे आणला होता त्याचं नाव मॅडमनी कधी कुणाला सांगितलं नाही. उलट त्याला मुंबईच्या हॉटेलात लावून दिलं.

त्या एकदाच चेअरमनकडं गेल्या, मला बरोबर घेऊन. "साहेब, ते ड्रिंक बंद करा. किंवा त्यात व्होडका आहे हे जिभेला कळेल असं करू द्या मला."

"मॅडम, अहो, तेच तर चालतंय," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच हळहळून सांगितलं. "तुमच्या घरचं मला कळतं. पण एका माणसासाठी..."

"एका माणसासाठीच केलं होतं," मॅडम म्हणाल्या, आणि उठल्या.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. शहर वाढलं होतं, दर चौकात बार उघडत होता, आणि प्रत्येक बारमागं त्यांचा कुणी ना कुणी विद्यार्थी उभा होता. त्यांनी प्रकाशरावांसाठी एकेकाला गाठून हात जोडले. "आपल्या सरांना द्यायची नाही. ते काय वाटेल ते बोलतील. द्यायची नाही." आणि त्या मुलांनी ते पाळलं. शहरभरातून त्यांना फोन यायचे, "मॅडम, सर आलेत." तास चालू असला तरी त्या निघायच्या, रिक्षा करायच्या.

एका दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले होते, सिडकोतल्या एका बारमध्ये. प्रकाशराव कोपऱ्यात बसले होते. समोर पाण्याचा ग्लास, आणि बाजूला एक उंचापुरा मुलगा मान खाली घालून उभा. आम्हाला बघून प्रकाशराव मलाच म्हणाले, "बगा मॅडम. एवढं मोठं शहर झालं, पर मला कुणी वतून देत नाय. जिकडं जावं तिकडं हिचीच पोरं. पाया पडत्यात माझ्या. नोकरी गेली तर जाऊ दे म्हनत्यात, पर देत नाय." मग बायकोकडं वळून, अगदी शांतपणे, "लई चांगली पोरं घडवलीस, सुमन."

मॅडम पुढं झाल्या. त्यांनी नवऱ्याच्या काखेत हात घालून उठवलं. बाहेर ऊन रणरणत होतं. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, सगळी दारं लावून घेतली की माणूस घरी येईल."

ते घरी आले नाहीत. ते जिथं मॅडमचा एकही विद्यार्थी नव्हता तिथं जायला लागले. वाळूजच्या मागं, नव्या वस्त्यांच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथं पिशवीतली मिळायची, आणि ती कुणी शिकवलेल्या हातांनी भरलेली नसायची. दोन वेळा त्यांना रस्त्यावरून उचलून आणलं. तिसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. भागाबाई उशाशी बसून जावयाच्या तोंडात चमच्यानं पाणी घालायच्या, ज्याला आयुष्यभर बोल लावले त्याच्या. मॅडम कॉलेज करून यायच्या आणि रात्रपाळीच्या नर्सपाशी डॉक्टरांची चौकशी करत उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी आशा ठेवू नका असं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी त्यांना परत कोरडं करीन. एकदा केलंय." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं.

प्रकाशराव उन्हाळा संपता संपता गेले. त्यांच्या शोकसभेला, पुण्यानुमोदनाला, गल्ली भरून मुलं आली होती. कुणी काळा कोट, कुणी गळ्यात बो टाय, कारण तिथून सगळ्यांना थेट कामावर जायचं होतं. मॅडम दारात आल्या, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "जा, उशीर होईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

पुढच्या सोमवारी त्या कॉलेजला आल्या. पदर पिन केलेला, साडीला खळ. आता त्या चहा हुंगत नव्हत्या, तसाच पिऊन टाकायच्या.

वर्षभरानं मी नोकरी सोडली, मुलाकडं पुण्याला यायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी निरोप घ्यायला त्यांच्या वर्गाकडं गेले. दार अर्धं उघडं होतं, मी बाहेरच थांबले. नवी तुकडी होती, प्रकाशरावांना कुणी बघितलेलं नव्हतं. मॅडम गिऱ्हाईक झाल्या होत्या. उंच स्टुलावर बसल्या होत्या, आणि काउंटरमागं एक सावळी, बारीक मुलगी बाटली हातात घेऊन उभी होती.

"एकच दे, बाळा," मॅडम म्हणाल्या. तो आवाज त्यांचा नव्हता. तो सावकाश, जरा घोगरा, वाळूजकडचा आवाज होता. "एकच. हात बग कसे कापत्यात. एवढा घेतला की थांबत्यात बग. मंग जातो घरी. बायको वाट बगत आसंल. तिला नको सांगू, तिला लई तरास होतो. दे ना गं. मी काय चोर हाये का?"

वर्ग आधी हसला. मग हसू थांबलं. मॅडमचे हात खरंच कापत होते, आणि त्या त्या मुलीच्या डोळ्यांत बघत होत्या, दुसरीकडं कुठंच बघत नव्हत्या. मुलगी म्हणाली, "नाही, सर." मग पुन्हा म्हणाली, पण आवाज बसला होता. मॅडमनी हात जोडले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं बाटली वाकवून ग्लास भरला.

मॅडमनी ग्लास बाजूला सारला. पदराच्या टोकानं स्वतःचे डोळे टिपले, स्टूल पुढं ओढून घेतलं, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, अगदी प्रेमानं म्हणाल्या,

"पुन्हा. आता मी आणखी रडणार आहे. तरी द्यायचा नाही."